अंगठा एकटा जात नाही

सोलापूर, ९ जून १९४८

विरुपाक्ष मास्तरांना शिवगंगेचा नमस्कार.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. पोटातलं तिसरं माणूस धरलं तर तिघं, पण इथल्या सरकारच्या कागदावर ते अजून धरत नाहीत. द्वारकाबाईंनी, म्हणजे माझ्या आत्याच्या नणंदेनं, माडीवरची खोली दिली आहे. बाई तोंडानं कडक आणि हातानं मऊ. तुमच्या मातोश्रींशी त्यांचं पहिल्याच दिवशी भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या.

एक आधीच सांगून ठेवते. तुमची पत्रं अव्वांना मला मोठ्यानं वाचून दाखवावी लागणार आहेत. तेव्हा बायकोला काही गोड लिहायचा विचार असेल, तर सासूच्या तोंडाकडं बघत मला ते वाचावं लागेल एवढं ध्यानात असू द्या.

आता कामाचं. निजामाच्या मुलखातून रझाकारांच्या धास्तीनं पळून आलेल्यांना इथं पंधरा दिवसांचा तात्पुरता परवाना देतात. पुढं राहायचं तर अर्ज करायचा. अर्जात तीन खाने: तातडीची अडचण काय, ती कधी संपेल, आणि परत जाण्याची हमी. कचेरीतले साहेब रत्नागिरीकडचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि राग त्याच्याही पुढं. त्यांनी विचारलं, "आजी, अडचण काय?"

अव्वांनी माझ्या पोटाकडं बोट केलं. "ही एक. आन् बंदुका घिऊन गावात हिंडत्यात ती दुसरी."

"कधी संपेल?"

"पैली दोन म्हैन्यात संपंल. दुसरीचं तुमचं सरकार आन् आमचं सरकार बसून ठरवा. मला काय इचारता?"

रांगेतली माणसं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी शाईचा डबा पुढं सारला आणि म्हणाले, परत जाईन या हमीवर अंगठा द्या. तिथंच घोडं अडलं. अव्वांनी हात पदराखाली घेतला. "माझा अंगठा एकटा जात न्हाय."

मग साहेबांना आपल्या खंडोबाची सगळी कथा ऐकावी लागली. देव एक आणि देवळं दोन, एक अणदूरला, एक नळदुर्गला. दरसाल देव पौषी पुनवेच्या जत्रेसाठी पावणेदोन महिने नळदुर्गला जातो, तेव्हा दोन्ही गावं समोरासमोर बसून करार लिहितात. नेणाराची सही, देणाराची सही, अमक्या दिवशी परत. अव्वा म्हणाल्या, "द्येव असून कागदाबिगर गाव सोडत न्हाय. आन् तुमी माझी गरवार सून नुसत्या माज्या अंगठ्यावर ठिवून घेणार व्हय? ठिवणार तुमी. तुमची सही पायजे. माघारी गेल्यावर घेणार कोन, त्येची बी पायजे."

साहेब वैतागले. "बरं आजी, आणा गावच्या पाच जणांच्या सह्या, की ते तुम्हाला परत घेतील. मग मी माझी देतो." मला वाटतं त्यांनी आम्हाला कटवलं. अव्वांना वाटतं त्यांनी वचन दिलं.

परवाना चोवीस तारखेला संपतो. वाढला नाही, तर आम्हाला निजामाच्या हद्दीवर तामलवाडीच्या नाक्यावर नेऊन सोडतील, आणि तिथून पुढं अणदूरपर्यंत काय वाट बघतंय ते तुम्हाला माहीत आहे. मला बाळ इथं व्हायला हवंय, मास्तर. मला भीती वाटते. हे वाक्य मी अव्वांना वाचून दाखवलेलं नाही.

पत्र आपल्या बांगडीवाल्या फकीरभाईंच्या सायराबींच्या हाती देते. त्या बांगड्या न्यायला आठवड्याला येतात. नाक्यावरचे शिपाई बांगड्या मोजतात, चिठ्ठ्या मोजत नाहीत.

शिवगंगा


अणदूर, १४ जून १९४८

सौ. शिवगंगा हिस आशीर्वाद. अव्वाच्या पायावर डोकं.

इकडं सर्व क्षेम आहे. शाळा चालू आहे, म्हणजे मी रोज कुलूप उघडतो आणि रोज लावतो. मधल्या वेळात मुलांची वाट बघतो. अर्धा गाव सोलापूर-बार्शीकडं गेला आहे. हजेरीपटावर बेचाळीस नावं आहेत आणि काल समोर तिघं होते, त्यातला एक पाटी परत द्यायला आला होता.

म्हशीचं मात्र जड जातंय. अव्वा, तुझी म्हैस तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. दोन दिवस लाथा खाल्ल्या. शेवटी फकीरभाईंनी अक्कल सांगितली, की अव्वाचं जुनं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बस. बसलो. तिनं हुंगलं आणि निमूट पान्हा सोडला. तेव्हापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ लुगडं नेसतो. ही गोष्ट द्वारकाबाईंना सांगू नये.

सह्यांचं ऐका. पाच माणसं म्हणजे सोपं वाटलं होतं, पण गावात पाच माणसं शोधणं हेच काम होऊन बसलंय. दुकानदार कल्याणप्पांनी दिली. त्यांचं दुकान मागच्या महिन्यात लुटलं, तरी माणूस हलला नाही. धनगराच्या बिराप्पानं अंगठा दिला. देवळापुढं फुलं विकणाऱ्या हरणाबाईंनी आधी मला तास दीड तास नावं ठेवली आणि मग दिला. शिवलिंग सुतारानं दिली. झाले चार.

पाचवी सही द्यायला फकीरभाई आपण होऊन आले. मी अजून घेतलेली नाही. खरं सांगतो, मन कचरतं. त्यांचा पुतण्या मुनवर रझाकारांत आहे, खाकी घालून तुळजापूरच्या रस्त्यावर फिरतो. फकीरभाईंबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अशा घराची सही त्या कागदावर असावी का? अव्वानं सांगावं.

विरुपाक्ष


सोलापूर, १८ जून १९४८

मास्तर,

तुमचं पत्र वाचताना लुगड्याच्या जागी अव्वा इतक्या हसल्या, की ठसका लागला. द्वारकाबाईंना सांगायचं नव्हतं, पण त्या शेजारीच भाकरी थापत होत्या. आता ही गोष्ट अख्ख्या आळीला माहीत आहे.

मग फकीरभाईंचा मजकूर आला आणि अव्वांनी पदरानं डोळे पुसले. मला म्हणाल्या, "लिही." खाली त्यांचे शब्द जसेच्या तसे:

"विरुपाक्षा, तू पोरास्नी शिकिवतूस, पन तुला कुनी शिकिवलं न्हाय. करारावर आपली सही कोन घेतंय? सही पलीकडच्याची लागती. नळदुर्गाचा कागूद नळदुर्गाचा मानूस सही करतोय म्हनून कागूद हाय. आपलाच आपल्याला हमी दिऊन बसला तर त्यो करार कसला? कल्याणप्पा मला गावात घेईलच की, त्येची सही लागती कशाला? मला गावात घेतलं ह्ये फकीरनं म्हनलं पायजे. माज्या लग्नातला चुडा फकीरच्या बापानं भरला. माज्या मनगटाचं माप त्या घराला म्हाईत हाय. त्या दोडक्या मुनवरचं माप मी नंतर घेते. सही घे."

माझं म्हणणं वेगळं नाही. फक्त सहा दिवस उरलेत, तेव्हा जरा घाई करा.

शिवगंगा


अणदूर, २१ जून १९४८

सौ. शिवगंगा हिस,

करार सोबत आहे. सायराबींनी तो दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या तोड्यात गुंडाळून आणला असेल, सोडवताना फाडू नको. मजकूर असा:

"मौजे अणदूर. इरम्मा व तिची सून शिवगंगा या अडचणीमुळं सोलापुरी राहिल्या आहेत. अडचण सरताच गाव त्यांना परत घेईल. ठेवणाराने त्या ज्या हालतीत आल्या त्याच हालतीत परत कराव्यात. घेणारा फकीर वल्द इमाम, धंदा बांगड्या, हा गावच्या शिवेवर स्वतः हाजर राहील. तो हाजर नसेल तर सोपवणी झाली असे धरू नये."

शेवटचं वाक्य फकीरभाईंनी घालायला लावलं. मी म्हणालो, एवढं कशाला? तर म्हणाले, "मास्तर, आमच्याबद्दल लोक काय बोलत्यात ते मला म्हाईत हाय. सगळ्यांच्या देखत शिवंवर हुबा राहीन, मग बोला म्हनावं." सही त्यांनी उर्दूत केली. मी आधी कचरलो होतो हे त्यांना कळलं असावं. मला फार शरम वाटली.

घर ठीक आहे. मी ठीक आहे. काळजी नसावी.

विरुपाक्ष


सोलापूर, ६ ऑगस्ट १९४८

मास्तर,

मुलगी झाली! दोन तारखेला, सोमवारी, दुपारच्या भाकरीच्या वेळी. नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही. आवाज अव्वांचा आहे. अव्वा म्हणतात, बारसं शिवेच्या आत गेल्यावरच. तोवर ती नुसती "ए बाई" आहे.

दिवस भरत आले होते म्हणून दीड महिना मी लेखणी धरली नाही, तेव्हा मागचं ऐका. साहेबांनी करार वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसला. "ज्या हालतीत आल्या त्याच हालतीत" या कलमावर माझ्याकडं बघून म्हणाले, हे कलम पाळणं सरकारच्या हातात नाही, आणि स्वतः ते खोडलं. मग शिपायाला म्हणाले, "रोज शंभर जण माझ्यापुढं अंगठा उठवतात. परत घ्यायला कोणी उभा राहील असा कागद आज पहिल्यांदा बघतोय." सही केली. तीस सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. अव्वांनी मग अंगठा दिला आणि साहेबांना सांगितलं, "आता तुमी बी बांधलं गेलात बरं का."

आता माझा प्रश्न. सायराबी बाळ बघायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणून गेल्या, "मास्तर हमारे घर में दो भाकर से जास्ती नहीं खाता." मी म्हटलं, तुमच्या घरी? त्यांनी जीभ चावली आणि बांगड्यांचा भाव सांगू लागल्या. तुम्ही त्यांच्या घरी का जेवता? आपल्या चुलीला काय झालं? खरं लिहा. हे पत्र मी एकटीनं लिहितेय आणि उत्तरही एकटीनं वाचेन.

शिवगंगा


अणदूर, ११ ऑगस्ट १९४८

शिवगंगे,

"ए बाई"ला तिच्या बापाचा पापा. नाकाबद्दल क्षमस्व.

पकडलंस. चूल नाही, कारण घराला दार नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते लोक आले होते. शाळेतला मास्तर गुपचूप वंदे मातरम् शिकवतो, असं कुणी तरी सांगितलं होतं. खरंच होतं ते. दार फोडलं, भांडी नेली, हजेरीपट जाळला. माणूस सापडला नाही म्हणून चिडून धान्यात रॉकेल ओतलं.

मी कुठं होतो? गोठ्यात, अव्वाचं लुगडं नेसून म्हैस पिळत होतो. पळायला वेळच मिळाला नाही. फकीरभाई धावत आले आणि गोठ्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, आत बाईमाणूस आहे, कुणी पाय ठेवायचा नाही. तरी एक जण आत डोकावला. तो मुनवर होता. मी पदर ओढून खाली मान घातली. हात थांबवले असते तर म्हशीनं लाथ मारली असती, म्हणून पिळत राहिलो. तो बराच वेळ बघत होता. मग बाहेर वळून म्हणाला, "बुढ्ढी है. चलो."

मला तो दुसरीपासून ओळखतो. माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत त्यानं. त्यानं मला ओळखलं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हापासून मी फकीरभाईंच्या मागच्या खोलीत आहे. त्यांनी जीव धोक्यात घातला आहे आणि वर मला विचारतात, कालवण तिखट झालं का. मी तुझ्यापासून लपवून ठेवलं ते तुझे दिवस भरत आले होते म्हणून. आता रागाव.

विरुपाक्ष


अणदूर, २२ सप्टेंबर १९४८

सौ. शिवगंगा हिस आशीर्वाद.

सुटलो! निजामानं हात टेकले. हिंदुस्थानची फौज नळदुर्गाच्या रस्त्यानं गेली, मी स्वतः रणगाडा बघितला. हरणाबाईंनी त्याच्यावर झेंडू फेकला आणि शिपायानं तो कानात अडकवला. रोज गाड्या भरून माणसं परत येत आहेत. काल शाळेत एकवीस मुलं होती. घराला शिवलिंगनं नवं दार लावलं. आता काही धोका नाही. मुदतीची वाट न बघता पुढच्या गाडीनं निघा. मला मुलगी बघायची आहे. म्हैस आठवण काढते.

पत्र कल्याणप्पांच्या गाडीवानाबरोबर धाडतो आहे.

विरुपाक्ष


सोलापूर, २६ सप्टेंबर १९४८

मास्तर,

तुमचं पत्र मी अव्वांना वाचून दाखवलं. गाठोडं निम्मं बांधून झालं होतं. अव्वांनी विचारलं, "पत्र गाडीवानानं का आनलं? सायराबी कुटं हाय?" मी म्हटलं, कामात असतील. "बरं. मग शिवंवर फकीर हाय न्हवं? पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं. रणगाडा आहे, झेंडू आहे, म्हैससुद्धा आहे. फकीरभाई नाहीत. ज्यांच्या घरी तुम्ही अडीच महिने जेवलात, त्यांचं एका ओळीत नाव नाही.

अव्वांनी गाठोडं सोडलं.

इकडं उलटीच गंमत. कचेरी बंद करायची आहे, म्हणून साहेब आता रोज विचारतात, "आजी, कधी निघता?" अव्वा म्हणतात, "घेणारा हाजर आसल्याबिगर सोपवणी न्हाय. तुमचीच सही हाय." साहेबांनी कपाट उघडून करार काढला, वाचला आणि परत कपाटात ठेवला. आधी ठेवून घ्यायला तयार नव्हते, आता घालवता येत नाही.

काय झालंय ते लिहा.

शिवगंगा


अणदूर, ३० सप्टेंबर १९४८

शिवगंगे,

अव्वाला हे सगळं वाचून दाखव.

फकीरभाई गावात नाहीत. फौज गेली आणि दोन दिवसांनी परत आलेल्या माणसांचा जमाव त्यांच्या घरावर गेला. बाहेरगावचे होते तसे आपलेही होते. मुनवर कुठं आहे म्हणून विचारत होते. मुनवरचा पत्ता कुणालाच नाही, त्यांनाही नव्हता. बांगड्यांचे तोडे रस्त्यावर फोडले. सकाळी बघितलं तर घर उघडं आणि दोघं नवरा-बायको गेलेले.

मी तिथं होतो. कोपऱ्यावर उभा होतो. लोक माझ्या शाळेतल्या मुलांचे बाप होते. कुणाचं घर जळलेलं, कुणाचा भाऊ मेलेला. मी पुढं होऊन एवढंच म्हणायला हवं होतं, की या माणसानं मला लपवलं. माझं तोंड उघडलं नाही. फकीरभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली, मी अडचणीत येऊ नये म्हणून. लुगडं नेसून मी लपलो त्याची मला लाज वाटली नव्हती. धोतर नेसून लपलो त्याची वाटते.

म्हणून तुला रणगाड्याच्या गोष्टी लिहिल्या.

विरुपाक्ष


सोलापूर, ४ ऑक्टोबर १९४८

मास्तर,

वाचून दाखवलं. अव्वा त्या दिवशी जेवल्या नाहीत. मलाही तुमचा राग आला, आणि रडूही आलं. तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून राग लवकर उतरला.

आता ऐका. ते दोघं सापडले! आज सकाळी आम्ही मुदत संपलेला कागद घेऊन कचेरीत गेलो. रांगेत शेवटी सायराबी बसलेल्या. हातात एक बांगडी नाही. मागं फकीरभाई, दाढी वाढलेली. सायराबींच्या बहिणीकडं उतरलेत आणि राहायला परवाना हवाय. कारकून सांगत होता, तुमच्यासाठी कायदा नाही, परवाने रझाकारांपासून पळालेल्यांसाठी होते.

अव्वा रांग मोडून पुढं गेल्या आणि तोच जुना अर्ज मागून घेतला. मला म्हणाल्या, भर. तातडीची अडचण काय? फकीरभाई खाली मान घालून म्हणाले, "काय सांगू? गावच." मी तेच लिहिलं. अडचण कधी संपेल? अव्वांनी सांगितलं, "दसऱ्याला." परत जाण्याची हमी? अव्वांनी साहेबांकडं बघितलं. "ह्यो हाजर झाल्याबिगर मी जात न्हाय. मी गेल्याबिगर तुमची कचेरी बंद हुत न्हाय. बघा आता कसं करता."

साहेबांनी कारकुनापुढची दौत आपल्याकडं ओढली. मग स्वतःच्या हातानं लिहिलं: फकीर व सायराबी यांना तातडीच्या अडचणीसाठी एक महिन्याचा तात्पुरता परवाना, आणि परत जाताना वाटेत पोलिसांनी संरक्षण द्यावं. सहीआधी म्हणाले, "पण आजी, तुमच्याच नियमानं, गावच्या पाच सह्या हव्यात." हे बोलताना ते पहिल्यांदा हसले.

तेव्हा मास्तर, आता पाळी तुमची. अव्वांनी दसरा मुद्दाम धरलाय. त्या दिवशी सगळा गाव शीव ओलांडायला बाहेर येतोच, कुणाला सबब राहणार नाही. तुमच्याकडं आठ दिवस आहेत. या वेळी कोपऱ्यावर उभे राहू नका.

शिवगंगा


अणदूर, ८ ऑक्टोबर १९४८

शिवगंगे,

सह्या सोबत आहेत. कशा मिळाल्या ते थोडक्यात.

बिराप्पानं काही न विचारता अंगठा दिला. हरणाबाई म्हणाल्या, "मास्तर, तुज्या तोंडाला आज वाचा फुटली व्हय?" आणि दिला. शिवलिंगच्या दारात मला फकीरभाईंची शेळी बांधलेली दिसली. म्हणाला, सांभाळायला आणलीय. मी म्हणालो, बरं केलंस, सही कर आणि दसऱ्याला शेळी शिवेवर घेऊन ये. त्यानं सही केली, शेळी मात्र माझ्याच हाती दिली.

कल्याणप्पा अवघड गेले. ते म्हणाले, "माझं दुकान कुणी लुटलं ते तुला म्हाईत हाय. मी का सही करू?" त्यांचं खोटं नव्हतं. मी जूनच्या कराराची नक्कल पुढं ठेवली. त्यांची सही पहिली, फकीरभाईंची पाचवी. मी म्हणालो, यांची खोडायची तर तुमचीही खोडावी लागेल, कागद एकच आहे. मग देवळासमोर, आठ-दहा माणसं होती त्यांच्या देखत, मी सांगितलं की जून ते सप्टेंबर मी कुणाच्या घरात होतो. लुगड्यासकट सांगितलं. कुणी हसलं नाही. कल्याणप्पा कागद घेऊन उठून गेले. संध्याकाळी सही करून कागद त्यांनीच आणून दिला आणि लगेच पाठ फिरवली.

पाचवी सही माझी आहे.

विरुपाक्ष


अणदूर, १४ ऑक्टोबर १९४८

परवाना कचेरीचे साहेब यांना शिवगंगेचा नमस्कार.

निघताना आपण म्हणालात, पोचल्याची पावती धाडा. ती ही.

आमची गाडी परवा दुपारी अणदूरच्या शिवेपाशी आली. आपण दिलेला शिपाई शेवटपर्यंत बरोबर होता. त्याला वाटेत गाडी लागली, पण ते सरकारी कामात धरू नये. फकीरभाई मागं घोंगडीत अंग चोरून बसले होते आणि माझी मुलगी सायराबींच्या मांडीवर झोपली होती.

सगळा गाव शिवेवर होता. सगळ्यांच्या पुढं माझे यजमान, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात शेळीची दोरी. चार महिन्यांनी मला बघत होते, आणि शेळी त्यांचं धोतर खात होती. मला हसावं की रडावं कळेना.

अव्वांनी शिवेच्या दगडापाशी गाडी थांबवली. "फकीर, उतर. तू पलीकडं जा, मंग मी येते." ते उतरले. समोरची माणसं बघितली आणि त्यांचा पाय उचलेना. तेव्हा माझे यजमान शीव ओलांडून अलीकडं आले, फकीरभाईंच्या शेजारी उभे राहिले आणि शाळेत हजेरी घेतात तशी मोठ्यानं नावं वाचू लागले. बिराप्पा. "हाजर." हरणाबाई. "हाजर, बाबा, हाजर." शिवलिंग. "हाजर." कल्याणप्पा. ते शेताकडं बघत होते. यजमानांनी पुन्हा नाव घेतलं नाही, नुसते थांबले. शेवटी शेताकडंच बघत ते म्हणाले, "हाजर हाय, म्हनून तर आलो." मग यजमानांनी स्वतःचं नाव वाचलं आणि स्वतःच हजर म्हणाले, आणि फकीरभाईंचा हात धरून त्यांना पलीकडं नेलं.

तिथं त्यांनी जुन्या कराराची नक्कल उघडली. "फकीर वल्द इमाम."

फकीरभाईंनी वळून आमच्याकडं तोंड केलं. काहीतरी पुटपुटले, ते गाडीपर्यंत आलं नाही. अव्वा गाडीतून म्हणाल्या, "वरडून बोल. साहेबास्नी कळवायचं हाय."

"हाजर हाय, अव्वा," ते म्हणाले. "या. घरला या."

तेव्हा अव्वा उतरल्या.

मुलीचं नाव अजून ठरलं नाही. फकीरभाईंनी तिच्या मनगटाचं माप घेतलं आहे. फुटलेल्या मालातनं जोडी निघेल म्हणतात. आपण दिलेला महिन्याचा परवाना त्यांनी टाकून दिला नाही, कनवटीला बांधून ठेवला आहे. महिनाभर बघू, म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही.

पावती लिहून झाल्यावर मी शाईचा डबा अव्वांपुढं ठेवला. त्यांनी आधी फकीरभाईंना बोलावणं धाडलं. म्हणून खाली अंगठा अव्वांचा आहे, आणि शेजारची उर्दू सही त्यांची.